स्टॅटिक व्हेरिएबल कधी जात नाही, कधी मधेच गायब होतं (अँड्रॉइड, जावा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दूध संकलन केंद्रासाठी ॲप करतोय. ऑपरेटर सभासद क्रमांक निवडतो, पुढच्या स्क्रीनवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) भरतो. निवडलेला सभासद आणि पाळी (सकाळ की संध्याकाळ) मी एका क्लासमध्ये स्टॅटिक (सगळ्या ॲपला मिळून एकच किंमत) ठेवलीय, कुठूनही वापरता यावी म्हणून.

सकाळी बॅक दाबून ॲप बंद केलं, तरी संध्याकाळी उघडल्यावर कधी कधी पाळी 'सकाळ'च असते. आणि दुसरीकडे, मधेच फोन आला, व्हॉट्सॲप उघडलं आणि परत आलं, की फॅटची स्क्रीन जशीच्या तशी दिसते, पण सभासद नल (रिकामा)! सेव्ह दाबलं की ॲप कोसळतं. समोर शेतकऱ्यांची रांग असते हो. हे 2 जीबी रॅमच्या फोनवर होतं, माझ्या फोनवर एकदाही झालं नाही.

कॉलेजात सी शिकताना 'स्टॅटिक प्रोग्रॅम संपेपर्यंत राहतं' हे पक्कं झालं होतं. मग इथे प्रोग्रॅम संपतो तरी कधी? फोन आडवा केला, 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' (सोडलेली ॲक्टिव्हिटी, म्हणजे स्क्रीन, लगेच मोडणारी सेटिंग) चालू केलं, तरी किंमत टिकते. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) उचलतो का?

——

प्रतिसाद:
गार्बेज कलेक्टरचा यात हात नाही. स्टॅटिक क्लासचं असतं आणि तुमचा क्लास प्रोसेस (मेमरीत चालू असलेलं ॲप) जिवंत असेपर्यंत लोड राहतो. बॅक दाबल्यावर स्क्रीन जाते, प्रोसेस बहुधा मागे तशीच राहते. म्हणून पाळी शिळी दिसते. रॅम कमी पडली की सिस्टीम मागची प्रोसेस मारते, पण कुठली स्क्रीन उघडी होती आणि तिचं बंडल (स्क्रीनने जपायला दिलेली थोडी माहिती) स्वतःकडे ठेवते. परत आलात की नव्या प्रोसेसमध्ये तीच स्क्रीन उभी राहते, स्टॅटिक मात्र कोरं. 'डोन्ट कीप' फक्त ॲक्टिव्हिटी मोडतं, प्रोसेस नाही. हे स्वतः घडवून बघायला होम दाबा, एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) 'एएम किल' आणि पॅकेजचं नाव द्या, म्हणजे प्रोसेस मरते, मग रिसेंट्समधून (अलीकडच्या ॲप्सची यादी) ॲप उघडा. रिसेंट्समधून सरकवून बंद करू नका, मग ॲप पहिल्या स्क्रीनपासूनच सुरू होतं.

सभासदाचा फक्त क्रमांक ऑन-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेटमध्ये (त्या बंडलात माहिती भरणारी मेथड) ठेवा, बाकी माहिती डेटाबेसमधून वाचा. पाळी तर प्रत्येक नोंदीच्या वेळेवरूनच ठरवा. ऑन-डिस्ट्रॉयवर (स्क्रीन मोडताना चालणारी मेथड) भिस्त ठेवू नका, प्रोसेस मारली जाते तेव्हा ते चालत नाही.

——

धागाकर्ता:
मनापासून आभार! एएम किल करताच पहिल्याच फटक्यात कोसळलं, तीन आठवडे हेच शोधत होतो. एकच विचारतो: दरपत्रक स्टॅटिकमध्ये ठेवलं तर चालेल का? दर नोंदीला डेटाबेस वाचणं नको वाटतं.

——

प्रतिसाद:
चालेल. वापरण्याआधी नल आहे का बघा, असेल तर पुन्हा वाचा. दर बदलले की तेही ताजं करा. फक्त त्या क्लासमध्ये ॲक्टिव्हिटीचा संदर्भ ठेवू नका, नाहीतर बंद झालेली स्क्रीन प्रोसेस असेपर्यंत मेमरीत अडकून राहील.