मदत हवी आहे: शेजारच्या गच्चीवर बांधलेल्या कुत्र्यासाठी तक्रार नेमकी कुठे करू?

नमस्कार मंडळी. आमच्या समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर एक कुत्रा दोन महिने साखळीला बांधलेला आहे. साखळी इतकी आखूड की धड आडवंही होता येत नाही. पाण्याचं भांडं दुपारी कोरडं ठणठणीत असतं, आणि मानेवर पट्ट्याखाली जखम झालीय, माश्या घोंगावतात. मालकांशी दोनदा बोलले. ‘आमचा कुत्रा आहे, तुम्ही लक्ष घालू नका,’ एवढंच उत्तर.

चौकीवर गेले तर म्हणाले, गुन्हा अदखलपात्र आहे (म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत), फक्त एनसी, म्हणजे तशी नोंद होईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ मी वाचलंय. आखूड साखळी, अन्नपाणी न देणं, दोन्ही त्यात येतं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! त्यात खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून घाई आहे.

कुणी एनसीनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाची परवानगी मिळवली आहे का? अर्ज कसा लिहिलात? जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे गेलं तर पशुवैद्यकीय अधिकारी पाहणीला येतात का? तारीखवार फोटो आणि व्हिडिओ आहेत. अजून काय पुरावा लागेल?

रात्री तो कण्हतो, ते इथवर ऐकू येतं. कृपया अनुभव असेल त्यांनी लवकर सांगा.