मदत हवी आहे: दहा वर्षांच्या मुलीला चाई, टकलावर पांढरी लव आलीय. चांगलं की वाईट?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्या सकाळी लेकीच्या वेण्या घालत होते. डाव्या कानामागे बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. केस बाजूला केले तर रुपयाएवढी जागा साफ, तळहातासारखी. खाज नाही, कोंडा नाही, लाली नाही. पंधरा दिवसांत मानेकडे दुसरी तशीच.

सासूबाईंनी बघताक्षणी निदान केलं: "चाई लागली. किडा असतो, रात्री केस खातो." त्यांच्याकडे यावर गुंज उगाळून लावतात. गुंज विषारी, म्हणून मी ठाम नाही म्हटलं. कांदा मात्र दोन दिवस चोळला गेला. कातडी लालभडक झाली आणि वर्गात पोरांनी हिचं नाव 'कांदाभजी' पाडलं. ते अजून पुसलेलं नाही.

मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, डागाच्या कडेचे तुटके केस मलाही दाखवले. वर जाड, टाळूकडे बारीक होत गेलेले, उद्गारचिन्हासारखे. बुरशी नाही ना, म्हणून खरवडून तपासलं. ती निघाली नाही. अलोपेशिया अरिआटा, म्हणजे चाईच, म्हणाले. रात्री लावायला क्लोबेटासॉल (स्टिरॉइडचं मलम) दिलं, थायरॉईडची तपासणी लिहून दिली. "मुळं जिवंत आहेत, घाबरू नका," एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक.

आता दोन महिने झाले. पहिल्या जागेवर पांढरी लव आलीय, म्हातारीच्या कापसासारखी. दुसरी जागा कोरडीठाक. मुळं जिवंत आहेत तर केस येत का नाहीत? आले ते पांढरे का? आणि कानामागून मानेकडे सरकणारी चाई जास्त चिवट असते असं वाचलं, ते खरं का? ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मला दाढीत झाली होती. न्हाव्याने आरसा धरून दाखवली तेव्हा कळलं. सुरुवातीला पांढरेच आले, पुढे आपोआप काळे झाले. इंजेक्शनं घेतली, दुखतात. लहान मुलांना म्हणूनच बहुधा आधी मलम देतात.

प्रतिसाद २
होमिओपॅथी करून बघा. भाच्याला महिन्याभरात गुण आला.

प्रतिसाद ३
एक-दोन डाग बऱ्याचदा वर्षभरात आपले आपणच भरतात, त्यामुळे त्या महिन्यात जे चालू असेल त्याला श्रेय जातं. कांद्यालाही मिळालं असतं!

मी डॉक्टर नाही, पण पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काचपट्ट्या केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. केस ज्या पिशवीत उगवतो ते फॉलिकल. डोक्यावर अशी साधारण लाखभर असतात. तळाशी गड्डा, तिथे केस घडतो आणि रंगही तिथेच भरला जातो. एरवी या गड्ड्याला आपल्याच रोगप्रतिकारक पेशींपासून एक आडोसा असतो. चाईत तो आडोसा ढळतो आणि लिम्फोसाइट पेशी गड्ड्याभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोहोळ बसल्यासारखं दिसतं. केस घडता घडता अर्धवट राहतो, बारीक होतो, तुटतो. तुम्ही पाहिलेलं उद्गारचिन्ह ते हेच.

पण नवा केस उभा करणाऱ्या मूळपेशी तिथे नसतात. त्या वर, अंगावर काटा आणणारा स्नायू फॉलिकलला जिथे चिकटतो त्या फुगवट्यात असतात. मोहोळ तिथवर सहसा जात नाही. म्हणून बियाणं शाबूत, फक्त पेरणी अडलेली. वण पाडणारे दुसरे आजार असतात, लायकेन प्लॅनोपिलारिससारखे, त्यात नेमका हा वरचा भागच जळतो आणि मग केस परत येत नाहीत. तिथे कातडीवर छिद्रंसुद्धा दिसेनाशी होतात.

पांढऱ्या लवेचं म्हणाल तर या पेशींचा रोख जास्त करून रंगाच्या केसांवर असतो आणि रंगाचं काम सगळ्यात शेवटी सुरू होतं. रंग बहुतेकदा मागाहून भरतो. 'एका रात्रीत केस पिकले' या कथांचा एक उलगडाही असाच देतात: काळे झडले, मुळातले पांढरे तेवढे राहिले.

वाईट बातमीही लपवत नाही. कानामागून मानेच्या कडेने पट्ट्यासारखी पसरली तर ती जास्त चिवट असते, हे खरं आहे. पण दोन डाग म्हणजे पट्टा नव्हे. नवी औषधं, बॅरिसिटिनिब (अमेरिकेत 2022 साली मान्य, प्रौढांसाठी) आणि रिटलेसिटिनिब (2023, बारा वर्षांपुढे), ही बरेचसे केस गेलेल्यांसाठी आहेत. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुमच्याकडे आज तो विषय नाही.

एक विचारतो, नखं बघितली का? चाईत कधी कधी नखांवरही खुणा दिसतात, टाचणी टोचल्यासारखे खड्डे.

प्रतिसाद ४
वेण्या ताणून घालू नका. केस ओढले गेल्याने चाई होत नाही, पण तसे ओढून केस जाण्याचा प्रकार वेगळा आहे, त्याची भर नको. शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा की हे लागट नाही. आमच्याकडे बाक बदलण्यापर्यंत मजल गेली होती.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कालपासून रुपयाचं नाणं शेजारी धरून फोटो काढायला सुरुवात केलीय, दर पंधरा दिवसांनी काढेन. बाईंना चिठ्ठी दिली.

नखं आत्ता पाहिली. दिवाळीचं नेलपॉलिश होतं म्हणून लक्षच गेलं नव्हतं. उजव्या अंगठ्यावर तीन बारीक खड्डे आहेत. थायरॉईडचा रिपोर्ट शनिवारी मिळेल, तेव्हा अंगठाही दाखवते.