जुनं आठवतं, नवं बसत नाही

‘गांजा ओढल्यावरही शाळेतल्या कविता घडाघडा म्हणता येतात, मग स्मरणशक्तीवर परिणाम कुठे झाला?’ हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. जुन्या आठवणींना सहसा धक्का लागत नाही. अडतं ते नवं साठवताना. गांज्यातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या (नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागाच्या) कामात अडथळा आणतं आणि नवी माहिती नीट नोंदलीच जात नाही. मग नशा उतरल्यावर तरी ती आठवणार कुठून?

या बोलण्यात भांगेचा विषय मात्र राहूनच जातो. ओढलेल्या गांजाचा अंमल काही तासांत ओसरतो. पोटात गेलेली भांग उशिरा चढते आणि जास्त वेळ टिकते. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत धुळवडीला दुपारी भांगेची थंडाई प्यायलेला एक मुलगा संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसला. तेच पान पेन्सिलीने पुन्हा पुन्हा अधोरेखित करत होता. वर ‘आता उतरलीये’ असंही ठामपणे सांगत होता, आणि मला हेच जास्त धोक्याचं वाटतं.