एलएस५० मेटासाठी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प: लक्समन, अ‍ॅक्युफेज की हेगेल?

खर्जपंचम:
स्पीकर केईएफ एलएस५० मेटा, खोली १२ बाय १६ फूट, बसायची जागा साधारण ३ मीटरवर. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि तबला, आवाज मध्यम. टर्नटेबलला एमसी कार्ट्रिज (मूव्हिंग कॉइल, अगदी क्षीण सिग्नल देणारी सुई) आहे, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) वेगळा आहे. डोक्यात तीन इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच डब्यात): लक्समन एल-५०७झेड (११० वॉट), अ‍ॅक्युफेज ई-३८० (१२०), हेगेल एच१९० (१५०). हेगेलचा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरच्या ८ ओहमला अ‍ॅम्पच्या आउटपुट रोधाने भागून येणारा आकडा) ४०००च्या वर, म्हणून मन तिकडे ओढतंय. वापरलेला ई-३८० जपानहून बराच स्वस्त मिळतोय. काय घ्यावं?

ओहम_नियम:
आधी वॉटचा हिशेब. मेटाची संवेदनशीलता (१ वॉटला किती आवाज) ८५ डेसिबल, तीही १ मीटरवर. घरातल्या खोलीत ३ मीटरवर अंदाजे ६ डेसिबल गळतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. म्हणजे प्रत्येकी १ वॉटला तुमच्या कानाशी ८२. सरासरी ७५ने ऐकत असाल आणि तबल्याची थाप त्यावर २०ने उसळली, तर ९५ लागतील. वरच्या १३ डेसिबलसाठी २० वॉट. तिन्ही अ‍ॅम्पांकडे याच्या पाचपटीहून जास्त आहे. ११० आणि १५० वॉटमधला फरक तर जेमतेम १.३ डेसिबल!

मेटाचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) ३.५ ओहमपर्यंत उतरतो, तेव्हा ४ ओहमचा आकडा बघायचा. लक्समन २१० वॉट देतो, ई-३८० १८०. दोघेही निवांत.

डॅम्पिंगच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. ४००० म्हणजे अ‍ॅम्पचा आउटपुट रोध ०.००२ ओहम. पण १.५ चौरस मिमीची ५ मीटर केबल जाऊन-येऊन ०.११ ओहम खाते, म्हणजे स्पीकरपाशी उरतात सत्तरेक. २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर टाका, शंभराच्या वर जाल. एवढं पुष्कळ झालं.

जवारी:
वॉटचं पटलं. पण तुमच्या बाबतीत खरा फरक फोनोचा (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) आहे. एल-५०७झेडमध्ये एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) आणि एमसी दोन्ही कार्ट्रिजसाठी फोनो आहे. ई-३८०ला फोनो कार्ड वेगळं घ्यावं लागतं. एच१९०मध्ये फोनो नाहीच, उलट आत डॅक आहे, जो तुमच्याकडे आधीच आहे. चांगल्या एमसी फोनोची किंमत धरून मगच तुलना करा. माझं मत लक्समनला.

जपानमधला सेट मागच्या पाटीवर १०० व्होल्ट लिहिलेला असेल तर सोडून द्या. फ्रीक्वेन्सीची अडचण नाही, टोकियोकडे ५० हर्ट्झच आहे. अडचण व्होल्टेजची. २३०च्या प्लगमध्ये चुकून गेला तर आतलं सगळं सव्वादोनपट व्होल्टेज खातं, फ्यूज आणि कपॅसिटर जातात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण इथली वॉरंटी मिळत नाही आणि विकताना गिऱ्हाईक मिळणं अवघड.

खर्जपंचम:
फोनोचं लक्षातच आलं नव्हतं. जपानचा सेट बाद. लक्समन आणि हेगेल दोन दिवस घरी ऐकायला मिळतील. तुलना कशी करू? डग्ग्याचा घुमारा भरीव हवा आहे.

ओहम_नियम:
आवाज कानाने जुळवू नका. डॅकमधून १०० हर्ट्झचा सूर लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, आउटपुट शॉर्ट होईल. एका अ‍ॅम्पवर २.८३ आणि दुसऱ्यावर ३.०० व्होल्ट असेल तर अर्ध्या डेसिबलचा फरक पडतो, आणि तेवढ्यानेसुद्धा मोठा वाजणारा जास्त ‘स्वच्छ’ वाटतो. फरक एक टक्क्याच्या आत आणा. मग तोच तानपुरा लावून जवारीतल्या वरच्या सुरांचं खरखरणं ऐका, गायकाचा श्वास ऐका.

घुमाऱ्यासाठी मात्र अ‍ॅम्पवर पैसे ओतू नका. मेटाचा आवाज ७९ हर्ट्झच्या खाली कमी व्हायला लागतो. भिंतीपासूनचं अंतर १०-१० सेंटिमीटरने बदलून बघा, फरक लगेच ऐकू येईल.

जवारी:
घरी लावल्यावर गुणगुण आली तर आधी ती कुठून येते ते ओळखा. अ‍ॅम्पच्या डब्यातूनच येत असेल तर बहुधा लाइनवरच्या डीसीमुळे ट्रान्सफॉर्मर थरथरतोय, त्याला डीसी ब्लॉकर (लाइनवरचा डीसी अडवणारा डबा) लावा. स्पीकरमधून येत असेल तर अर्थ लूप (उपकरणांच्या अर्थ जोडण्यांमधून बनलेलं वेटोळं). सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. अर्थची पिन मात्र कधीच तोडू नका.