मदत हवी आहे: कमोडोर ६४ वरून घरातील दिवे चालवताना येणाऱ्या दोन अडचणी

नमस्कार.

१९८२ साली बाजारात आलेला कमोडोर ६४ हा संगणक माझ्याकडे अजून चालू स्थितीत आहे. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचे पहिले धडे मी त्याच्यावरच गिरवले, त्यामुळे तो कपाटात पडून राहावा असे मला कधीच वाटले नाही. गेल्या काही महिन्यांपासून घरातील तीन दिवे आणि एक पंखा मी त्याच्यावर सोपवला आहे. यामागे हौस आहेच, पण गरजही आहे. आईला संध्याकाळनंतर कमी दिसते आणि पॅसेजमधला दिवा लावण्यासाठी तिने भिंत चाचपडत जावे, हे मला नको आहे. अंधार पडण्यापूर्वी तो दिवा लागला पाहिजे, आणि रोज लागला पाहिजे.

जोडणी अशी आहे. संगणकाच्या मागील यूजर पोर्टवरील (बाहेरची उपकरणे जोडण्याच्या जागेवरील) पीबी० ते पीबी७ या आठ तारांपैकी पहिल्या चार तारा यूएलएन२८०३ या प्रवाह वाढवणाऱ्या चिपला जातात आणि ती चिप १२ व्होल्टचे चार रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढते, म्हणजे चालू करते. रिलेचा वीजपुरवठा वेगळा आहे; ग्राउंड मात्र दोन्हींचे एकत्र जोडले आहे. घरच्या विजेची सगळी जोडणी बंद डब्यात असून ती जाणकार वायरमनकडून करून घेतली आहे. प्रोग्रॅमच्या आरंभी ‘पोक ५६५७९,२५५’ आणि ‘पोक ५६५७७,०’ या दोन आज्ञा आहेत (पोक म्हणजे मेमरीतल्या दिलेल्या पत्त्यावर आकडा लिहिणे). पहिलीने आठही तारा आउटपुट होतात आणि दुसरीने सगळे रिले सुटलेले राहतात. पुढे ५६५७७ मध्ये १ लिहिले की पॅसेजमधला दिवा लागतो, २ लिहिले की आईच्या खोलीतला, आणि ३ लिहिले की दोन्ही. इथपर्यंत काहीच तक्रार नाही.

पहिली अडचण संगणक सुरू होतानाची आहे. बटण दाबताक्षणी चारही रिले ‘टक्’ करून ओढले जातात आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड होऊन तो चालू होईपर्यंत तसेच राहतात. परवा रात्री वीज गेली आणि अडीचच्या सुमारास परत आली. संगणक अर्थातच नुसता ‘रेडी’ दाखवून थांबला, आणि आईच्या खोलीतला दिवा व पंखा दोन्ही एकदम सुरू झाले. ती दचकून उठली. मी जाऊन रिलेचा पुरवठा काढेपर्यंत घरभर लख्ख उजेड होता. पाणी तापवण्याचा हीटरही याच डब्याला जोडण्याचा माझा विचार होता. तो मी त्या रात्रीच सोडून दिला. प्रत्येक तारेवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून पाहिला, पण काही फरक पडला नाही. १ किलोओहमचा लावल्यावर सुरुवातीची ‘टक्’ थांबली, मात्र नंतर प्रोग्रॅमने सांगूनही एक रिले ओढला जाईना.

दुसरी अडचण घड्याळाची. बेसिकमधले टीआय-डॉलर हे घड्याळ कॅसेटवर नोंद करताना विस्कळीत होते, म्हणून मी सीआयए या पोर्ट सांभाळणाऱ्या चिपमधले ५६३२८ ते ५६३३१ या पत्त्यांवरचे घड्याळ वापरायला घेतले. ते दुपारी १ वाजता बरोबर लावले होते. तरीही संध्याकाळी ७ ला लागायचा दिवा ८ वाजून १२ मिनिटांनी लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच, मिनिटाचाही फरक नाही. चिप खराब झाली असेल का?

एक्स१० ही १९७५ साली स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने विकसित केलेली पद्धत मला माहीत आहे. घरातल्या विजेच्या तारांवरूनच १२० किलोहर्ट्झचे संकेत पाठवून तिच्यात २५६ पत्त्यांपर्यंतची उपकरणे चालवता येतात. पण चार उपकरणांसाठी मला आपल्या तारा बऱ्या वाटतात. कोणती तार कुठून कुठे जाते हे डोळ्यांना दिसते आणि बिघडले तर दुरुस्त करता येते. त्यामुळे कृपया आहे त्याच जोडणीतला उपाय सुचवावा.

प्रतिसाद

आपण आकडे नेमके दिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. आधी घड्याळाचे सांगतो. ६ तासांना ७ तास १२ मिनिटे लागली, म्हणजे बरोबर सहापंचमांश पट. हे घड्याळ घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते आणि संगणक सुरू होताना ते नेहमी ६० हर्ट्झ धरून बसते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असणार. चिप शाबूत आहे. ५६३३४ या पत्त्यावरील सातवा बिट १ करावा, म्हणजे ‘पोक ५६३३४,पीक(५६३३४)ऑर१२८’. रन-स्टॉप आणि रिस्टोअर या कळा एकत्र दाबल्यास हा बिट पुन्हा पुसला जातो, हे लक्षात असू द्यावे. वेळ वाचताना तास आधी आणि सेकंदाचा दशांश शेवटी वाचावा. तास वाचताच आकडे गोठतात आणि दशांश वाचल्यावरच मोकळे होतात.

आता रिले. संगणक सुरू होतो तेव्हा पोर्टच्या सर्व तारा इनपुट असतात आणि पोर्टच्या चिपच्या आतील पुल-अपमुळे (तारेचा व्होल्टेज वर ओढणाऱ्या अंतर्गत जोडणीमुळे) त्या वर ओढलेल्या असतात. यूएलएन२८०३ ला तेवढा प्रवाह पुरतो. आपला १ किलोओहमचा रेझिस्टर त्या पुल-अपवर मात करतो, पण मग पोर्टच्या चिपला तार पुरेशी वर नेता येत नाही, कारण तिची प्रवाह देण्याची ताकद मुळातच तोकडी आहे. तेव्हा पुल-अपशी झगडण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घ्यावा. मध्ये ७४एचसीटी२४० हा आठ तारांचा इन्व्हर्टर (संकेत उलटा करणारी चिप) घाला आणि त्याच्या पिन १ व १९ ग्राउंडला जोडा. मग वर असलेली तार म्हणजे सुटलेला रिले. इन्व्हर्टरचे ५ व्होल्ट यूजर पोर्टच्या पिन २ वरूनच घ्यावेत, म्हणजे संगणक बंद असताना तोही बंद राहील आणि एकही रिले ओढला जाणार नाही. तिथून १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये. पिन १० व ११ वर ९ व्होल्ट एसी असतो. तिथे चुकूनही तार टेकू देऊ नये.

प्रोग्रॅममध्ये मात्र क्रम उलटा करावा लागेल. आधी ‘पोक ५६५७७,२५५’ आणि मगच ‘पोक ५६५७९,२५५’. रीसेटनंतर डेटा रजिस्टरमध्ये (५६५७७ मध्ये) ० असतो. जुना क्रम ठेवलात तर तारा आउटपुट होताच सगळे दिवे क्षणभर लागतील. पॅसेजचा एकटा दिवा आता २५४ ने लागेल.

हीटरचा विचार सोडलात ते योग्यच केलेत, आणि तो पुन्हा करू नये. हा संगणक अडकून बसला तर त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. पॅसेजच्या दिव्याविषयी एक सुचवतो: तो घड्याळावर ठेवूच नका. कंट्रोल पोर्टच्या (जॉयस्टिक जोडण्याच्या जागेच्या) पॅडल इनपुटला एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा रेझिस्टर, जोडला की ५४२९७ या पत्त्यावर ० ते २५५ असा आकडा मिळतो आणि उजेड कमी होईल तसा तो वाढतो. वीज जाऊन आली की घड्याळाला वेळ आठवत नाही, पण अंधार पडला आहे हे एलडीआरला कळतेच.

धागाकर्ता

मनापासून आभार. इन्व्हर्टर बसवून मुख्य स्विच दहा वेळा बंद-चालू केला. एकदाही ‘टक्’ ऐकू आली नाही. आईच्या खोलीतला दिवा काल ७ ला लागला, भिंतीवरच्या घड्याळाशी अगदी जुळवून. एलडीआर खिडकीच्या चौकटीला, दिव्याचा स्वतःचा उजेड पडणार नाही अशा जागी लावला आहे. दुपारी आकडा १५ च्या आसपास असतो, दिवेलागणीला २०० च्या पुढे जातो. १८० ओलांडला की पॅसेजचा दिवा लागतो आणि पहाटे १२० च्या खाली आला की विझतो. दोन आकड्यांमध्ये अंतर ठेवले नव्हते, तेव्हा ढग आला की दिवा लुकलुकत असे.

एकच गोष्ट उरली आहे. वीज परत आल्यावर प्रोग्रॅम अजूनही मलाच लोड करावा लागतो, आणि मी घरी नसेन तर पॅसेज अंधारातच राहील. पत्ता ३२७६८ पासून सुरू होणाऱ्या कार्ट्रिजमध्ये (संगणकात खोचायच्या मेमरीच्या डबीत) सीबीएम८० ही खूण असली की संगणक बेसिककडे न जाता थेट तिकडे वळतो, एवढे मी वाचले आहे. माझा प्रोग्रॅम बेसिकमध्ये असून सुमारे २ किलोबाइटचा आहे. तो २७६४ या ८ किलोबाइटच्या ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरी चिपमध्ये) घालून सुरुवातीलाच आपोआप चालू करायचा असेल, तर बेसिक सज्ज करणारी संगणकातली कोणती रूटीन (तयार उपप्रोग्रॅम) कोणत्या क्रमाने बोलवावी लागतील, हे कोणी स्वतः केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.