फी माफ झाली, पण गणवेश आणि डब्याचे काय?

एक आई, वाडी, बडोदे

माझी मुलगी शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून एका खासगी इंग्रजी शाळेत शिकते. ती आता तिसरीत आहे आणि तिची फी आम्हाला भरावी लागत नाही, याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. तक्रार आहे ती फीच्या बाहेर राहिलेल्या खर्चाची. मी एका दुकानात हिशेब लिहिते, महिन्याला ११,००० रुपये मिळतात आणि घरात मिळवती मी एकटीच आहे. यंदा जूनमध्ये रोजच्या गणवेशाचे दोन जोड १,९०० रुपयांना, खेळाच्या तासाचे कपडे ८५० रुपयांना, काळे आणि पांढरे असे बुटांचे दोन जोड ९५० रुपयांना आणि टाय, पट्टा, मोजे २५० रुपयांना घ्यावे लागले. एकूण ३,९५० रुपये, तेही एकाच महिन्यात. या मुलांच्या पालकांच्या खात्यात शासन वर्षाला ३,००० रुपये जमा करते हे खरे, पण गेल्या वर्षी ते मला मिळाले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. मी दुकानातून उचल घेतली आणि ती दिवाळीपर्यंत पगारातून कापली जात राहिली.

डब्याची गोष्ट मला याहून लागली. शाळेने डब्याचे वेळापत्रक दिले आहे: सोमवारी भाजी-पोळी, मंगळवारी थेपले, बुधवारी फळे, शुक्रवारी सुकामेवा. मुलांनी वेफर आणू नयेत हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. शुक्रवारी मी शेंगदाणे आणि गुळाचा खडा देते. एकदा पालकसभेला थोडी लवकर पोहोचले, तेव्हा मधल्या सुट्टीत ती डब्याचे झाकण उभे धरून त्याच्या आड एकेक दाणा तोंडात टाकताना मला दिसली. मी तिला हाक मारली नाही.

माझे म्हणणे असे आहे की, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना दिलेले मध्याह्न भोजन सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरतेच ठेवणे योग्य नाही. ज्या मुलाला शासनानेच खासगी शाळेत जागा मिळवून दिली, त्याचे जेवण शाळेच्या फाटकाशी सुटता कामा नये. आणि गणवेश असा असावा की त्याचे कापड मंगळ बाजारात कोणत्याही दुकानात मिळेल.

निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

ताई, आपल्या लेकीचा प्रसंग वाचून गलबलून आले, तरीही आपल्या पहिल्या मागणीला माझा विरोध आहे. ज्या शहरात आपण राहतो, तेथील सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. तो वारसा आजही महापालिकेच्या नगर प्राथमिक शाळांत आहे. तेथे फी नाही, पुस्तके मिळतात, गणवेशाला साहाय्य मिळते आणि दुपारी गरम जेवण मिळते. प्राथमिक वर्गाच्या मुलाला त्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. धान्य शासनाचे, आणि डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. शंभर मुलांचे एकत्र शिजते म्हणूनच हे शक्य होते. आपण म्हणता तसे एका खासगी शाळेतील पंधरा-वीस मुलांसाठी वेगळे शिजवायचे, तर पैसे पुरणार नाहीत आणि ती मुले वेगळ्या रांगेत बसतील. आज झाकणाआड एक मूल खाते, उद्या ती सगळीच मुले तशी खातील.

माझ्या वर्गात खिचडीचे पातेले आले की हात धुवायला धक्काबुक्की व्हायची, पण कोणाच्या ताटात काय आहे हे पाहण्याचे कारणच नसायचे, कारण सगळ्यांच्या ताटात तेच असायचे. मांडलेली पंगत सोडून आपण दुसऱ्याच्या दारी पान मागतो आहोत, असे मला वाटते.

गणवेशाचा दुकानदार, नवा बाजार

दुसऱ्या मागणीबद्दल दुकानदाराची बाजूही लक्षात घ्यावी. शाळेच्या चौकड्याचे कापड गिरणीतून ठरावीक ताग्यांखाली मिळत नाही. पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी मापे मेमध्येच शिवून ठेवावी लागतात आणि उरलेला माल दुसरीकडे विकता येत नाही. सुट्टीनंतर मूल वाढलेले निघाले तर मी जोड बदलून देतो. तागा फाडून विकणारा देणार नाही. स्वस्त कापडाचा रंग दिवाळीच्या आत उतरतो आणि मग आईलाच दुसऱ्यांदा खर्च पडतो. मात्र बूट, पट्टा आणि मोजे एकाच दुकानातून घेण्याची सक्ती मलाही पटत नाही.

पालक समितीत काम केलेला एक पालक, मांजलपूर

राखीव जागांच्या मुलांचे जेवण शाळेने द्यावे असे उद्या ठरले, तर तो बोजा फी भरणाऱ्या पालकांवर येईल, आणि त्यांच्यातही कर्ज काढून फी भरणारे पुष्कळ आहेत. कायद्याने शाळेकडून जागा घेतली आहे, स्वयंपाकघर नाही.

एक आई, वाडी

मांजलपूरच्या भाऊंना एवढेच सांगते की मी शाळेकडे नव्हे, शासनाकडे मागते आहे. नगर प्राथमिक शाळांना जेथून जेवण जाते तेथूनच राखीव जागांच्या मुलांचे येऊ शकेल.

बाईंना उत्तर देणे मला अवघड जाते, कारण त्यांच्या वेगळ्या रांगेच्या भीतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. त्या जेवणाचे डबे वर्गातच सगळ्यांच्या डब्यांसोबत उघडावेत, एवढेच मला सुचते. पण मुलीला नगर प्राथमिक शाळेत का घातले नाही, हे सांगते. आमच्या जवळच्या शाळेत दोन इयत्ता एकाच खोलीत बसत होत्या आणि माझ्या थोरल्या भाचीला पाचवीपर्यंत सलग वाचता येत नव्हते. गरम जेवणासाठी मी मुलीचे वाचन सोडू का? आईला या दोहोंतून एक निवडायला लावणे हीच माझी मूळ तक्रार आहे. आणि गणवेशाच्या साहाय्याचे म्हणाल, तर केंद्राची तरतूद दोन जोडांना मिळून ६०० रुपयांपर्यंतची आहे. तेवढ्यात शिलाईसुद्धा सुटणार नाही.

दुकानदार काका, आपली अडचण मला समजली. पण चौकडा शाळेने निवडला, आम्ही नाही. निळा पायजमा आणि पांढरा शर्ट ठेवला तर तुमचाही उरलेला माल दुसऱ्या शाळेला चालेल.

निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

एका खोलीत दोन इयत्ता मीही घेतल्या आहेत, तेव्हा ते नाकारत नाही. ३,००० रुपये जूनच्या आधी खात्यात आले पाहिजेत, यावर मी आपल्यासोबत अर्जावर सही करीन. जेवणाबाबत माझे मत तेच आहे. एखाद्या दुपारी मुलीला घेऊन आमच्या जुन्या शाळेत या, पंगत पाहा, मग पुन्हा बोलू.

एक आई, वाडी

येत्या गुरुवारी माझी अर्धी सुट्टी आहे, बाई, तेव्हा येईन. अर्जाचा मसुदाही घेऊन येते. शाळा बदलण्याचे मात्र आता मनात नाही. यंदाच्या झग्याला मी खाली चार बोटे दुमड ठेवून शिवून घेतले आहे आणि तो तिला पाचवीपर्यंत पुरवायचा आहे.