लक्ष्मी रोडवर पितळी गॉगल: लोकांची दाद खरी की तोंडदेखली?

पितळी_किल्ली (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात इथे एका प्रतिसादात वाचलं: "स्टीमपंक वगैरे घालून रस्त्यात हिंडणाऱ्यांना लोक तोंडावर 'भारी' म्हणतात आणि पाठ वळली की हसतात. त्याला दाद समजणं ही स्वतःचीच फसवणूक." खाली +१ ची रांग. दोन दिवस गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना.

मी तीन वर्षं महिन्यातून एखाद्या रविवारी हा स्टीमपंक वेश, म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या कपड्यांना पितळ, चाकं, नळ्या लावून केलेला, घालून बाहेर पडतो. तपकिरी वेस्टकोट, बोहरी आळीतून आणलेला वेल्डिंगचा गॉगल (कडा पितळी पत्र्याने मढवलेल्या), डोक्यावर चाकं लावलेली हॅट आणि उजव्या हातावर मनगट ते कोपर असं तांब्याच्या पत्र्याचं कवच. कवच मी घरीच रिबिटं (पत्रे जोडायचे छोटे खिळे) मारून ठोकलंय. हसणारे भेटतात. कॉलेजची पोरं "ओ, टाइम मशिन कुठं लावलंय" म्हणतात. ते हसणं ऐकू येतं, कळतं. म्हणूनच दुसरं काय ते वेगळं ओळखता येतं.

एकच प्रसंग सांगतो. पुण्याच्या मेट्रोत गरवारेला चढलो. समोर पांढरा सदरा, टोपी, सत्तरीचे एक काका. डेक्कन गेलं, संभाजी उद्यान गेलं, त्यांची नजर माझ्या हातावरच. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. पीएमसी (महापालिका) स्टेशनला ते उठून शेजारी बसले आणि न विचारता माझा हात उलटा केला. अंगठ्याचं नख कवचाच्या आतल्या बाजूने फिरवलं आणि म्हणाले, "रिबीट उलटं ठोकलंय. डोकं आत नि शेपूट बाहेर पाहिजे असं वाटलं ना तुला? दिसायला बरं म्हणून?" मी हो म्हटलं. "मग हे आतलं डोकं मनगटाला घासतंय. बघ." खरंच तिथे लाल वळ होता, मी सवयीने विसरलो होतो. तांबट आळीत त्यांचं काम होतं, आता मुलगा बघतो. गुरुवारी बोलावलं. गेलो. चार रिबिटं काढून त्यांनी चपटी बसवली आणि कडेने बोटभर रुंद पट्टीत मठार मारून दिला. त्या छोट्या गोल खळग्यांवर उजेड पडला की माझं बाकीचं काम कच्चं दिसतं. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

मनातून हसणारा माणूस रिबीट बघत नाही. ज्याला खरंच आवडतं तो तुमचं कौतुक करून थांबत नाही, स्वतःचं काहीतरी काढून तुमच्यासमोर ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

साधाच_सदरा

तो प्रतिसाद माझाच. मागे घेत नाही.

एक तांबटकाका भेटले म्हणून सगळं पुणं दाद देतंय असं होत नाही. ते तांब्यामुळे थांबले, तुमच्या वेशामुळे नाही. उद्या तुम्ही तांब्याचा हंडा घेऊन बसला असता तरी त्यांनी हात लावून बघितलाच असता.

आणि माझा मूळ राग वेगळा आहे. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि देशातली खरी रयत कशी जगते ते त्या राजपुत्राला तोंडावर सांगितलं. वेगळे कपडे घालून लोकांत जाण्याला या शहरात असा अर्थ होता. तुम्ही काय घालता? त्याच राणीच्या काळातल्या साहेबाचा वेस्टकोट आणि हॅट. आमच्या पणज्यांनी ज्यांना वाकून मुजरे केले त्यांचे कपडे हौसेने घालायचे आणि वर कौतुक मोजायचं. मला हे बोचतं.

जांभळी_छत्री

मला दोघांचंही अर्धं पटत नाही.

मी नऊवारीवर स्टीमपंक करते. काष्टा, त्यावर चामड्याचा रुंद पट्टा, त्यात तीन पितळी नळ्या, पायात बूट. प्रतिक्रिया चांगल्या मिळतात का? हो, खूप. पण दादा, तुमच्या तीन वर्षांत किती जणांनी न विचारता खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला? माझ्या दीड वर्षात मी मोजणं सोडून दिलंय. तेही "किती सुंदर" म्हणतच येतात. एका दुकानात एका गृहस्थांनी पट्ट्याची नळी ओढून बघितली, पट्टा माझ्या पोटावर असताना. त्यांच्या हिशेबी तेही कौतुकच होतं. कुणी किती गोड बोललं यावर मी काहीच ठरवत नाही. आधी विचारलं का, एवढंच बघते. तुमचे काका न विचारता हात उलटा करतात ते तुम्हाला गोड वाटलं कारण तुम्ही पुरुष आहात.

तरीही घालते, कारण मंडईबाहेर एक भाजीवाल्या मावशी आहेत. त्यांनी मला लांबून हाक मारली, "ए पोरी, काष्टा सैल झालाय, चालता चालता सुटंल." जवळ गेले तर आधी म्हणाल्या, "लावू का हात?" मग मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले, मागून काष्टा ओढून घट्ट खोचला आणि पट्ट्याखाली एक जादा दुमड घातली. "आता पळालीस तरी न्हाई सुटायचं." त्या जन्मभर नऊवारीत ओझी उचलतायत. ती दुमड मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती.

केसस्प्रिंग

धाग्याचा विषय काय आहे ते वाचलं. मला तुम्ही टाकलेल्या फोटोतली हॅट दिसतेय. डाव्या बाजूला जी चाकं चिकटवली आहेत ती घड्याळाची आहेत. मोठं करून बघितलं. पूल (चाकं धरणारी पट्टी) आणि बॅलन्स (मागेपुढे हलणारं चाक) ओळखू येतो, ते जनताचं मशिन आहे. एचएमटी जनता, १७ ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे), हाताने किल्ली द्यायची. ते तुम्ही फोडून गोंदाने हॅटवर चिकटवलंय.

२०१६ ला कारखाना कायमचा बंद झाला. हे जुने जनता आता पुन्हा येणार नाहीत. जे आहेत ते एवढेच. दाद खरी की खोटी यावर तुम्ही पानं लिहिताय आणि डोक्यावर मढं घेऊन फिरताय.

पितळी_किल्ली

@केसस्प्रिंग, ती बंद घड्याळं होती. जुन्या बाजारात बुधवारी एक जण पत्र्याच्या डब्यात वजनावर विकतो. ती भंगारातच जाणार होती. मी चालू घड्याळ कधीच फोडलेलं नाही.

@जांभळी_छत्री, न विचारता हात धरण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी तसा विचार केला नव्हता.

केसस्प्रिंग

बंद म्हणजे काय? बंद कोणी ठरवलं? त्या डबेवाल्याने की तुम्ही?

माझ्या वडिलांचं बुधवार पेठेत जिन्याखाली साडेतीन फुटांचं दुकान होतं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले. गिऱ्हाईक म्हणायचं "गेलं बघा", आणि दहातली सात घड्याळं फक्त वाळलेल्या तेलाने अडकलेली असायची. उघडायची, पेट्रोलमध्ये धुवायची, ज्वेलला सुईच्या टोकाने तेलाचा ठिपका द्यायचा, चालू. मेनस्प्रिंग (किल्ली दिली की गुंडाळली जाते ती) तुटली तर बदलायची. जनता सेकंदाला पाच ठोके देते, तासाला १८,०००. तो आवाज पुन्हा सुरू झाला की गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून बघितलंय. बऱ्याच जणांचं ते लग्नातलं घड्याळ असायचं, सासऱ्याने दिलेलं. किंवा पहिल्या पगाराचं. तुम्ही डब्यातून वजनावर घेतलं ते कुणाचं तरी होतं.

माळ्यावरचा_हंडा

केसस्प्रिंग +१०००. घड्याळाचं राहू द्या, पितळेचं काय चाललंय ते बघा. आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीत तीन घरांनी घंगाळं, समया, बंब मोडीत दिले. किलोवर. आईचा बंब मी जाऊन परत आणला, मोडवाल्याशी भांडून. आता हे स्टीमपंकवाले येणार, बंबाची तोटी कापून छातीवर लावणार आणि लोक "वा वा" म्हणणार. ज्याला जुन्या वस्तूंबद्दल प्रेम आहे त्याने शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात जाऊन दिवे बघावेत. दिनकर केळकरांनी एकेक अडकित्ता, एकेक दिवा दारोदार फिरून जमवला. एकही कापला नाही.

पितळी_किल्ली

हा आरोप मला मान्य नाही. बंब मोडीत तुमच्या सोसायटीने दिला, मी नाही. ज्यांनी विकला त्यांना तुम्ही एक शब्द बोलत नाही आणि तीच तोटी उचलून घासून चकचकीत करणारा मी गुन्हेगार? माझ्यासारख्यांमुळे निदान दहा लोकांनी घरी जाऊन माळा उघडलाय. एका बाईंनी मला बंबाचं झाकण दाखवायला फोन केला होता, विकणार होत्या, आता ठेवलंय.

रास्ता_पेठेतला

मध्येच एक कामाचं सांगतो, भांडण नंतर करा. जुन्या परदेशी घड्याळांच्या आकड्यांवर चमकणारा रंग असतो, त्यात १९६० च्या आधीच्या बऱ्याच डायलवर रेडियम आहे. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. असली डायल खरवडू नका, घासू नका, ती भुकटी श्वासात गेली तर वाईट. वजनावर डबा घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

भोरघाट

@साधाच_सदरा यांच्या साहेबाच्या कपड्यांच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण तो घड्याळांखाली गाडला गेला.

स्टीमपंक हा शब्द १९८७ सालचा, के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने एका नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रातला. पण ती सगळी मंडळी ज्याला पूर्वज मानतात त्या ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचा नेमो, पाणबुडीचा कप्तान, कोण आहे? भा. रा. भागवतांमुळे आपल्यापैकी अनेकांनी व्हर्न मराठीतच वाचलाय. नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या बंडात लढलेला, इंग्रजांनी घर उद्ध्वस्त केलेला. म्हणजे या सगळ्या पितळी स्वप्नाच्या मुळाशी एक हिंदुस्थानी बंडखोर बसलाय. हे साहेबाचं एकट्याचं नाही.

दुसरं, वाफ इथे आलीच होती. भोर घाटातली रेल्वे १८६३ ला सुरू झाली, ती बांधताना कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. माझे आजोबा दौंडला वाफेच्या इंजिनावर फायरमन. कोळशाची ठिणगी डोळ्यात जाऊन एक डोळा अधू झाला. ओलं फडकं तोंडाला बांधायचे, गॉगल कुणी दिला नाही. @पितळी_किल्ली, तुमच्या फोटोतला गॉगल बघून मला पहिल्यांदा तेच आठवलं. मला हसू आलं नाही आणि कौतुकही वाटलं नाही. आजोबांची आठवण आली आणि बराच वेळ फोटो बंद करता आला नाही. हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं सांगा.

माझी विनंती एवढीच, हॅट काढा. मुंडासं बांधा आणि त्यावर गॉगल चढवा. मग ते आमच्या आजोबांचं होईल.

साधाच_सदरा

नेमोचं मला माहीत होतं, पण इथे तो लागू पडतो हे सुचलं नव्हतं. ठीक आहे, तेवढं मान्य. मुंडाशावर गॉगल घालून कुणी आलं तर मी थांबून बघेन. वेस्टकोट आणि हॅटला माझा विरोध कायम.

आणि @जांभळी_छत्री, नऊवारीबद्दल मी काहीच म्हणालो नव्हतो. मावशींनी खोचलेली दुमड वाचून आईची आठवण झाली. ती अशीच दुसऱ्यांच्या मुलींच्या निऱ्या नीट करायची.

जांभळी_छत्री

तुमच्या आईंनी आधी विचारलं असेल अशी आशा आहे. ही दुमड कशी घालायची ते शिकवायचं असेल तर मी मुलींसाठी एक दुपार काढायला तयार आहे. फोटो काढायचे नाहीत या अटीवर.

पितळी_किल्ली

@भोरघाट, दोनदा वाचलं. माझ्याकडे उत्तर नाही. मी दाद की टवाळी एवढेच दोन कप्पे केले होते, तुमचं दोन्हीत बसत नाही. आजोबांचा फोटो असेल तर बघायला आवडेल. मुंडासं मला बांधता येत नाही, शिकतो.

@केसस्प्रिंग, हॅटवरची चाकं काल काढली. बॅलन्स वाकलाय, गोंदामुळे. एक मशिन मात्र पूर्ण आहे, न उघडलेलं. ते चालू होईल का?

केसस्प्रिंग

फोटोवरून सांगता येत नाही. किल्ली फिरते का बघा. फिरून सुटत असेल तर मेनस्प्रिंग, अजिबात फिरत नसेल तर बहुतेक तेल वाळलंय. जोर लावू नका.

वडिलांची अवजारं माझ्याकडे आहेत. बुधवारी जुन्या बाजारात मी अकराच्या सुमारास असतो, त्याच डबेवाल्याकडे. घेऊन या. माझ्याकडे घासून चपटी झालेली, दात तुटलेली चाकं बरणीभर आहेत, ती कुठल्याच घड्याळाच्या कामाची नाहीत, तुमच्या टोपीला हवी असतील तर न्या. पण ते पूर्ण मशिन चालू झालं तर ते मनगटावर जाईल, टोपीवर नाही. हे आधी कबूल करा, मगच या.

पितळी_किल्ली

कबूल. अकराला येतो. साध्या कपड्यांत.

केसस्प्रिंग

ते हातावरचं घालून या. रिबिटं कशी बसवलीत ते बघायचंय.